भरलेली गाडी सोडून द्यावी

हिंदुस्थानांतील उतारूंची पहिली आगगाडी ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली, ती आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या वाटेनेंच. पुढें बोरीबंदरास स्टीव्हन्स यांनीं आंखलेली भव्य इमारत १८८८ सालीं पुरी झाली. तेंच आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस. तिच्या नक्षीकामास सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले, ही गोष्ट आम्हां विद्यार्थ्यांस भूषणावह वाटते. २००४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत तिचें नांव दाखल झालें.

परंतु स्थानकाची थोरवी घुमटावरून मापावी, कीं तेथून सुटलेला उतारू सुखरूप घरीं पोंचतो यावरून? ता. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे उतारू खालीं पडले व त्यांतील कांहीं प्राणांस मुकले. हौसेनें कोणी तसा प्रवास करीत नाहीं. गाड्या वाढविणें व त्यांचीं दारें बंद होतील अशी व्यवस्था करणें हें रेल्वेचेंच कर्तव्य होय. मात्र आंत जागा असतांही वाऱ्यासाठीं दारांत उभे राहणारे आमच्यांत आहेत. त्यांस ही सबब लागू नाहीं.

वडील मंडळींस व गुरुजनांस आमची एवढीच विनंति आहे : मुलास उशीर झाला, तर रागें भरण्यापूर्वीं त्यानें भरलेली गाडी सोडून दिली काय, हें विचारावें. दिली असल्यास तो उशीर क्षम्य मानावा. तेवढा विश्वास मिळाला, तर पुढची गाडी येईपर्यंत थांबणें कोणासही जड जाणार नाहीं.