क्षमा म्हणजे मुकाट्याने सोसणं नव्हे



सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या कितीतरी मुली नोकरीसाठी पनवेल, कामोठे, खारघरला येतात. एकटीला फ्लॅटचं भाडं झेपत नाही, म्हणून तिघी-चौघी मिळून घर घेतात. बहुतेकींचं छान जमतं. पण एखादीमुळे बाकीच्यांना घर नकोसं होतं. रात्री एकपर्यंत मोठ्याने गाणी, न सांगता आणलेले पाहुणे, सिंकमध्ये दोन दिवसांची भांडी, लाइट बिलाच्या वेळी टाळाटाळ. मग घरून आईचा एकच सल्ला, "जाऊ दे बाळा, आपण क्षमा करावी."

मला हा सल्ला अर्धवट वाटतो. दशलक्षण पर्वात पहिला दिवस उत्तम क्षमेचा, तसा तिसरा उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक आणि ओठांवर एक, असं नको. माझी भाची नवीन पनवेलला अशीच राहते. महिनाभर ती आपला त्रास मला, आईला, ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगत होती. जिचा त्रास होता तिला मात्र एक शब्द नाही! तोंडाने क्षमा आणि आत क्रोध साठलेला. याला क्षमा कसं म्हणायचं? समोरचीला आपलं काय चुकतंय हे कळलंच नाही, तर ती सुधारणार तरी कशी?

म्हणून आधी बोलावं, पण भाषासमिती सांभाळून. भांडणाच्या भरात नाही, तर सुट्टीच्या दिवशी सगळ्या निवांत असताना. "तू आहेसच तशी" म्हटलं की दार बंद झालं. "काल साडेबाराला गाणी चालू होती, मला पहाटे लोकल पकडायची असते" म्हटलं की ऐकावंच लागतं. जे ठरेल ते कागदावर लिहून फ्रिजवर लावावं. भाचीच्या घरी रात्रीची गाणी थांबली, बिलही वेळेवर मिळू लागलं. भांड्यांचं घोडं अजून अडलेलं आहे, पण आता त्यावर बोलता तरी येतं.

एक गोष्ट आपल्यालाही सांगते. तक्रार वागण्याची असावी, ताटाची नको. कांदा-लसूण, वेगळी भांडी, सूर्यास्तापूर्वीचं जेवण, हे घर घेण्याआधीच स्पष्ट बोलावं. नंतर गोंगाटाच्या भांडणात तिच्या जेवणावर बोट ठेवलं, तर आपली खरी तक्रारही खोटी पडते.

बोलूनही फरक पडला नाही तर घरमालकांना लेखी कळवावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. करारात सगळ्यांची नावं आहेत ना, हे आधीच पाहून घ्यावं. शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूला घर सोडायला लावण्याची तरतूद याच कायद्यात आहे, पण तो मार्ग मालकाने कायद्यानेच चालायचा. आपण तिचं सामान जिन्यात ठेवणं किंवा कुलूप बदलणं अजिबात बरोबर नाही. ती हिंसाच झाली.

आवाजाचेही नियम आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. आणि कुणी धमकी दिली, अंगावर आली, तर तिथे समजूत घालत बसू नये. सरळ 112 ला फोन करावा.

आपल्या मुलींना आपण सामायिक शिकवतो, उपवास शिकवतो. सोबत "मला हे चालणार नाही" हे शांतपणे म्हणायलाही शिकवू या. ज्या मुलीला हे म्हणता येतं, तिच्याच क्षमेला अर्थ आहे. बाकीचं नुसतं सोसणं.