जमील यांना मुदत हवी, सवलत नको

१८ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री ढाक्यात भारत बांगलादेशकडून १-० असा हरला. शेख मोर्सालिनने अकराव्या मिनिटाला केलेला गोल उरलेल्या वेळात भारताला फेडता आला नाही. बांगलादेशाने भारताला हरवण्याची बावीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. स्पर्धेच्या हिशेबात त्या सामन्याला अर्थ उरला नव्हता; महिनाभर आधी, १४ ऑक्टोबरला, मडगावात सिंगापूरने २-१ ने हरवले तेव्हाच २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले होते. तरी ढाक्यातला पराभव चाहत्यांना जास्त झोंबला. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आसपास खेळणारी पोरे असोत की अकोल्यात रात्र जागून युरोपातले सामने पाहणारी मंडळी, चहाच्या टपरीवर विचारणा एकच: "काहून ठेवला मंग याले?" याले म्हणजे भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक खालिद जमील यांना.

विचारणा रास्त आहे, आणि तिच्यामागचा युक्तिवाद पोकळ नाही. ढाक्यापर्यंत जमील यांच्याकडे पात्रता फेरीचे तीन सामने आले. त्यांत सिंगापूरमधली एक बरोबरी आणि दोन पराभव, म्हणजे हाती एक गुण. मडगावात भारताच्या छांगतेने चौदाव्या मिनिटालाच आघाडी मिळवून दिली होती, तीही टिकली नाही. सुनील छेत्रीला आधी वगळले, मग बोलावले, मग पुन्हा बाजूला ठेवले. पुढच्या चार वर्षांचा संघ बांधायचा की आजचा सामना वाचवायचा, हे त्यांचे ठरलेले दिसत नव्हते. या सगळ्यावर टीकाकारांचा हुकमी मुद्दा आहे माजी प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांचा. "धीर धरा, धीर धरा म्हणत पाच वर्षे दिली. मिळालं काय?"

स्टिमाच यांच्याबाबत टीकाकारांचे म्हणणे पूर्ण मान्य करायला हवे. मे २०१९ मध्ये ते आले. सप्टेंबरात आशियाई विजेत्या कतारला त्यांच्याच घरी ०-० वर रोखले, २०२३ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि सॅफ स्पर्धा जिंकली. पण जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून संघ हरला, तोही एकही गोल न करता. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने १-२ असे हरवले. उरलीसुरली आशा जूनमध्ये संपली. त्याच महिन्यात त्यांना काढले ते योग्यच. चूक होती ती आदल्याच ऑक्टोबरात त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवण्यात. त्या चुकीपायी भारतीय फुटबॉल महासंघाला तडजोडीत चार लाख डॉलर, म्हणजे तीन कोटी रुपयांहून अधिक मोजावे लागले. पण या उदाहरणातून निघते काय? संयमाला शेवट हवा, एवढेच. पाच वर्षे जास्त झाली म्हणून दुसऱ्या माणसाला चार महिनेही जास्त, हा हिशेब कुठल्याच वहीत जुळत नाही.

वऱ्हाडात पेरलेले उगवले नाही तर शेतकरी लगेच बियाण्याला शिव्या घालत नाही. आधी माती उकरून ओल किती होती ते पाहतो, मग दुबार पेरणीचे ठरवतो. जमील यांच्या बाबतीत ही ओल पाहायला कोणी तयार नाही.

ती अशी होती. १ ऑगस्ट २०२५ ला त्यांची नेमणूक झाली, त्याच्या तीनच आठवडे आधी इंडियन सुपर लीगचा नवा मोसम स्थगित झाला होता. महासंघ आणि आयोजक कंपनीतला करार डिसेंबरात संपत होता आणि नव्या कराराचा पत्ता नव्हता. काही क्लबांनी सरावच थांबवला. ज्या खेळाडूंतून संघ निवडायचा, ते मोसमाआधीच्या तयारीविना घरी बसलेले. ऑगस्टच्या मध्यावर बंगळुरूत शिबिर लागले, तर मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. शिबिर ज्या स्पर्धेसाठी होते ती फिफाने ठरवून दिलेल्या काळात बसत नसल्याने नियम क्लबच्या बाजूने होता. जेमतेम दोन आठवड्यांच्या सरावावर हा संघ मध्य आशियाई नेशन्स चषकाला गेला, यजमान ताजिकिस्तानला २-१ ने हरवले, इराणकडून ०-३ हरला, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी क्रमवारीत आपल्यापेक्षा पन्नासेक जागा वर असलेल्या ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले. ढाक्याची आठवण काढणाऱ्याने हा निकालही त्याच पारड्यात टाकायला हवा.

आणि पात्रता फेरीचे गणित जमील यांच्या आधीच बिघडले होते. त्यांच्याआधीचे मानोलो मार्केझ राष्ट्रीय संघ आणि एफसी गोवा अशा दोन नोकऱ्या एकाच वेळी करत होते. बांगलादेशशी शिलाँगमध्ये ०-० आणि हाँगकाँगमध्ये ०-१ हे निकाल त्यांच्या काळातले. देशाच्या संघाला पूर्ण वेळ प्रशिक्षक द्यावा असे ज्या महासंघाला वर्षभर वाटले नाही, त्याचा जाब चाहते जमील यांना विचारत आहेत. स्टिमाच, मार्केझ, जमील असे तीन मुख्य प्रशिक्षक या संघाने चौदा महिन्यांत पाहिले. सततच्या बदलाचे औषध आणखी एका बदलात शोधायचे, हे समजण्यापलीकडचे आहे.

दुसरा आक्षेप विदर्भाच्या माणसाला जवळचा वाटेल. चांगला प्रशिक्षक आला की फरक लगेच दिसतो, त्याला वर्षे लागत नाहीत. आणि दाखला घरचाच, चंद्रकांत पंडित यांचा. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने साठ वर्षांत एकदाही करंडक उचलला नव्हता. पंडित २०१७ मध्ये आले आणि पहिल्याच मोसमात इंदूरला अंतिम सामन्यात विदर्भाने दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला. अकोल्याच्या आदित्य ठाकरेने तर प्रथमश्रेणी पदार्पणच त्या अंतिम सामन्यात केले. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून पुन्हा करंडक.

दाखला खरा आहे, पण अर्धा सांगितला जातो. पंडित आले तेव्हा विदर्भ २०१४-१५ आणि २०१५-१६ अशी सलग दोन वर्षे उपांत्यपूर्व फेरी गाठून बसला होता. पारस म्हांबरे यांच्यासारखे प्रशिक्षक आधी राबून गेले होते, वासिम जाफर २०१५ पासून संघात होता, जामठ्याचे मैदान आणि अकादमी उभी होती. पंडितांची कडक शिस्त या तयार रानात पडली. आणि पंडित विदर्भाला मिळाले कसे, तेही टीकाकार सांगत नाहीत. त्यांनी मुंबईला २०१५-१६ चा करंडक जिंकून दिला होता. पुढच्या वर्षी मुंबई अंतिम फेरीत गुजरातकडून हरली आणि मुंबईने त्यांना निरोप दिला. एक अंतिम सामना हरल्याबद्दल! पुढच्या मोसमात मुंबई नागपुरात कर्नाटककडून डावाने हरून उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडली आणि करंडक पंडितांच्या मागोमाग विदर्भात आला. पुढे कोलकाता नाइट रायडर्सने त्यांच्या पहिल्या वर्षी सातवा क्रमांक सोसला, त्यांना ठेवले, आणि २०२४ मध्ये आयपीएल जिंकली. पंडितांची कारकीर्द कोणाच्या बाजूची साक्ष देते, ते वाचकाने ठरवावे. विदर्भाने स्वतःही हा धडा गिरवला. मार्च २०२४ मध्ये अंतिम फेरीत मुंबईकडून १६९ धावांनी हरल्यावर प्रशिक्षक उस्मान गनी यांनाच पुढे ठेवले, आणि पुढच्या मोसमात, २०२५ मध्ये, केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा करंडक आला.

गोव्यातले उदाहरणही असेच उलटून पडते. ३१ जानेवारी २०२० ला एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना काढले, संघ गुणतक्त्यात वर असताना. क्लिफर्ड मिरांडा यांनी उरलेले सामने सांभाळले, गोव्याने लीग शील्ड जिंकले, आणि "पाहा, काढलं तरी काही बिघडलं नाही" असे म्हणायला लोक मोकळे झाले. पुढच्या मोसमात लोबेरा मुंबई सिटीला गेले आणि तिथे शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले.

प्रशिक्षक बदलला की संघ सावरतो, हा समज तपासूनही झाला आहे. नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातले तिथल्या अव्वल लीगचे निकाल घेतले. प्रशिक्षक काढलेले संघ पुढे सुधारले खरे. पण तितक्याच वाईट अवस्थेत असूनही ज्यांनी प्रशिक्षक काढला नाही, तेही जवळपास तितकेच सुधारले. अगदी तळाला गेलेला संघ बहुधा थोडा वर येतोच, आणि श्रेय नव्या माणसाच्या नावावर जमा होते.

इथे संयमवाद्यांनाही एक गोष्ट सुनवायला हवी. अॅलेक्स फर्ग्युसन यांचे नाव घेणे थांबवा. १९८६ मध्ये आलेल्या फर्ग्युसनना मँचेस्टर युनायटेडमध्ये पहिला करंडक १९९० मध्ये मिळाला, हे खरे. पण संयमाने एक फर्ग्युसन घडला म्हणून प्रत्येक हरणाऱ्या प्रशिक्षकात फर्ग्युसन दडलेला नसतो. वेळ देऊनही काहीच न साधलेल्यांची नावे कोणाला आठवत नाहीत, म्हणून हा दाखला बळकट भासतो. जमील यांची बाजू त्याच्या आधाराविना उभी राहते.

ती उभी राहते भारतीय फुटबॉलच्याच इतिहासावर. स्टीफन कॉन्स्टंटाइन २०१५ मध्ये दुसऱ्यांदा आले, तेव्हा विश्वचषक पात्रतेच्या गटसाखळीतले पहिले पाचही सामने भारत हरला. त्यात चिमुकल्या गुआमकडून झालेला पराभवही होता. ढाक्यापेक्षा ती नामुष्की मोठी. तरी त्यांना ठेवले. त्या वर्षी १७३ पर्यंत घसरलेला संघ जुलै २०१७ मध्ये ९६ व्या क्रमांकावर पोचला आणि २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ ने हरवून १९६४ नंतरचा त्या स्पर्धेतला पहिला विजय मिळवला. त्याहून जुने उदाहरण हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांचा संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. दहा गोल! आजच्या टपरीवर त्यांची नोकरी चहा निवायच्या आत गेली असती. पण त्या पराभवातून अनवाणी खेळायचे नाही हे ठरले आणि रहीम राहिले. १९५६ मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला, १९६२ मध्ये जाकार्तात आशियाई खेळांचे सुवर्णपदक.

संयम म्हणजे काय, हे अमरावतीला बाहेरून शिकायला नको. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव क्रीडा प्रबोधिनीतून धनुर्विद्येसाठी इथे आला तेव्हा अंगाने किरकोळ होता, बाण नीट पडत नव्हते, आणि प्रबोधिनीतून नाव कमी होण्याची वेळ आली होती. अखेरची एक संधी मागून मिळाली. त्या संधीला निकष होता, ठराविक बाणांत ठराविक गुण. त्याने ते मिळवले आणि राहिला. २०१९ मध्ये तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्यासह जागतिक स्पर्धेचे सांघिक रौप्य आणि पुढे टोकियो ऑलिम्पिक, हा त्याचा पुढचा प्रवास.

जमील यांनाही अशीच निकषाची संधी द्यायला हवी. ऐजॉलसारख्या, आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत ढकलल्या गेलेल्या आणि कशाबशा परतलेल्या संघाला त्यांनी २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली आहे. तुटपुंज्या साधनांत संघ उभा करणे हे त्यांचे सिद्ध झालेले काम आहे. त्यांना पात्रता फेरीचे एक पूर्ण चक्र मिळावे, पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत. शिबिरांच्या तारखा महासंघाने मोसमाआधी जाहीर कराव्यात आणि खेळाडू सोडण्याबाबत क्लबांशी लेखी करार करावा. जमील यांनीही तेवीस वर्षांखालच्या कोणाला खेळवणार आणि छेत्रीनंतर गोल कोणाच्या भरवशावर करणार, हे उघड सांगावे. एवढे सगळे मिळूनही संघ मडगावसारखा आघाडी घेऊन ढेपाळू लागला, तर चक्र संपताच त्यांना दुसरे चक्र देऊ नये; तेव्हा अमरावती-अकोल्याची पोरे "काहून ठेवला" विचारतील आणि त्यांच्याशी वाद घालायला कोणाला जागा नसेल. आज मात्र तोच सवाल त्यांनी आधी दिल्लीत महासंघाच्या कचेरीला विचारावा: ज्या ऑगस्टमध्ये प्रशिक्षक नेमला, त्या ऑगस्टमध्ये देशात लीग का नव्हती?