सेम हात, सेम मान!

वेळागरचा किनारा, सकाळचे सात. मैत्रिणीच्या नव्याकोऱ्या लिनन ब्रँडचं पहिलं शूट. सुरूच्या बनातून काय मस्त तिरकं ऊन येतंय! आणि आमचा फोटोग्राफर? मोबाइलमधला कुठल्याशा ग्रीक बेटावरचा फोटो मॉडेलला दाखवतोय. 'सेम हात, सेम मान.' मी कुरकुरले तर म्हणाला, 'रेफरन्स आहे गं, सगळेच घेतात.'

घेतात, खरंय. २०२०मधला डब्बू रत्नानीच्या कॅलेंडरचा किस्सा आठवतोय? कियारा अडवाणीचा तो पानाआडचा फोटो मारी बार्श या फोटोग्राफरच्या फोटोसारखा दिसतो म्हणून केवढी बोंब झाली. डब्बूने स्वतःच काढलेला तब्बूचा जुना फोटो पुढे केला. कल्पना माझीच, पुन्हा वापरली तर बिघडलं कुठे?

कायद्याने पान कुणाच्याच मालकीचं नाही. आर. जी. आनंद खटल्यात १९७८मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. म्हणजे पान चालेल; पण तोच प्रकाश, तीच मान, तीच चौकट उचलली की पंचाईत. आणि नोटीस ब्रँडलाही येऊ शकते, बॉस. इथे तर मैत्रिणीची सगळी सेव्हिंग्ज पणाला!

तिने सरळ त्याचा मोबाइल घेऊन पर्समध्ये टाकला आणि गाडी मिठागरांकडे वळवली. शिरोड्याची मिठागरं, १९३०च्या सत्याग्रहातली. मॉडेलचे पाय चिखलात रुतले, कुर्ता गुडघ्यापर्यंत मळला, पहिल्या तीसेक फ्रेम्स चक्क फुकट गेल्या. त्यानंतरची एक आता कॅटलॉगच्या कव्हरवर आहे. कुर्त्यावरचा डाग पुसायचा नाही, असं तिने एडिटिंगवाल्याला बजावलंय.