काच पुसू, मग निघू

मंडळी, बॉनची थंडी तशी सौम्यच. पण एखाद्या सकाळी गाडीच्या काचांवर बर्फाचा असा थर बसतो की विचारू नका! पहिल्या हिवाळ्यात आम्ही घाईघाईने समोर वाटीएवढी जागा खरवडली नि निघालो. वळणावर सायकलवरचं शाळकरी पोर दिसलं ते अगदी शेवटच्या क्षणी. ब्रेक लागला, पण आमचे हातपाय लटपटले.

आता आमचा नेम ठरलेला. आधी सगळ्या काचा बाहेरून खरवडायच्या, तेही इंजिन बंद ठेवून. उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवायला इथे बंदी आहे. मग गाडी सुरू करून मागच्या काचेच्या हीटरचं बटण दाबायचं. बऱ्याच गाड्यांत त्याच बटणाने बाजूचे आरसेही तापतात. काच स्वच्छ झाली की हीटर बंद. तो वीज फार खातो. मागची काच आतून मात्र खरवडू नका. तिथली बारीक रेघ तुटली की तेवढी पट्टी तापत नाही. आणि उकळतं पाणी तर नकोच, काच तडकते!

एवढ्याशा भोकातून बघत गाडी चालवली तर दंड १० युरो. तो भरता येतो हो. पण ते पोर? त्यापेक्षा दहा मिनिटं लवकर उठू या!