प्राध्यापकांची उजळणी

इयत्ता तिसरीला पाढे शिकवायचे असतील तर आपल्या राज्यात अध्यापनाची पदविका लागते आणि वर शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते. नववीला भूगोल शिकवायचा तर बी.एड. लागते. फळ्यावर कसे लिहावे, प्रश्न कोणाला विचारावा, मागच्या बाकावरच्या मुलाला बोलते कसे करावे याचे सराव पाठ घ्यावे लागतात, आणि पाठ चालू असताना कोणीतरी मागे बसून टिपणे घेत असते. परंतु बी.ए.च्या पहिल्या वर्गातील नव्वद मुलांपुढे उभे राहण्यासाठी यांपैकी काहीही लागत नाही. पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. यांपैकी एक पदरात पडले की माणूस थेट वर्गात. नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनाविषयी काही प्रश्न असतात हे खरे. पण चार पर्यायांतून एक निवडणे आणि नव्वद मुलांना तासभर धरून ठेवणे यांत किती अंतर आहे, हे बाकावर बसणाऱ्यांना सांगायला नको.

कोणा एका प्राध्यापकाकडे बोट दाखवण्याचा हेतू येथे नाही, हे आरंभीच सांगते. दोष असलाच तर तो एका समजुतीचा आहे. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवता येतोच, अशी ती समजूत. ती मोडण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले नाहीत असेही नाही. 1963 पासून विज्ञान व गणित शिकवणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या साहाय्याने उन्हाळी वर्ग भरू लागले. कलाशाखेचा नंबर नेहमीप्रमाणे मागाहून लागला. 1986 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने निरनिराळ्या विद्यापीठांतून 'अ‍ॅकेडेमिक स्टाफ कॉलेज' उघडण्याची योजना हाती घेतली. नव्याने नेमणूक झालेल्यांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, म्हणजे आपल्या स्टाफरूमच्या भाषेत 'ओरिएंटेशन' आणि 'रिफ्रेशर', अशी मूळची आखणी होती. 2015 मध्ये या संस्था 'मनुष्यबळ विकास केंद्र' झाल्या, 2023 मध्ये त्यांना मदनमोहन मालवीय यांचे नाव मिळाले. पाट्या बदलल्या, उजळणी वर्गाचे तीन आठवडे दोनांवर आले. कल्पना मात्र तीच आहे, आणि ती चांगली आहे, असे माझे मत आहे.

मग बिघडले कोठे? माझ्या मते पहिल्याच दिवशी, कारण हे वर्ग अगदी आरंभापासून बढतीला जोडले गेले. वरच्या श्रेणीत स्थाननिश्चिती व्हायची तर इतके उद्बोधन, इतकी उजळणी झालेली हवी. 2010 च्या नियमावलीने तर प्राध्यापकाच्या प्रत्येक हालचालीला गुण लावले. पुढे 2018 मध्ये ती पद्धत बरीच सौम्य झाली, पण सवय राहिली. नॅकच्या मूल्यांकनात किती टक्के प्राध्यापकांनी असे उपक्रम पूर्ण केले हे विचारले जात आले आहे. त्या उपक्रमांनी एखाद्या वर्गात काय बदलले, हा प्रश्न कोणत्याही रकान्यात मावत नाही. प्रमाणपत्राची झेरॉक्स फायलीला लागली की उजळणी संपते. यात प्राध्यापकांचा अपराध कोणता? ज्या गोष्टीचा हिशेब मागितला जातो तीच गोष्ट माणूस जपून ठेवतो. आम्ही विद्यार्थी तरी दुसरे काय करतो? पंचाहत्तर टक्के हजेरी मागितली जाते, म्हणून आम्ही हजेरी देतो.

गेल्या वर्षी आपल्या सभागृहात एक दिवसाची कार्यशाळा झाली, तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका म्हणून मी नोंदणीच्या टेबलावर होते. आसपासच्या महाविद्यालयांतून साठ-सत्तर प्राध्यापक आले होते. फाइल, पेन, भोजनाचे कूपन देऊन झाल्यावर आम्ही मागच्या दाराशी उभे राहिलो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय आणि अध्यक्षीय मनोगत यांत सकाळ गेली. त्यानंतर तज्ज्ञ मार्गदर्शक 'विद्यार्थिकेंद्रित अध्यापन' या विषयावर दीड तास बोलले. बोलणे विद्वत्तापूर्ण होते. व्याख्यानपद्धती कशी कालबाह्य झाली आहे, हे त्यांनी व्याख्यान देऊन सांगितले. पडद्यावर जे लिहिले होते तेच वाचून दाखवले. समोरचे प्राध्यापक, ज्यांच्या तासाला आम्ही करतो अगदी तेच, म्हणजे वहीच्या शेवटच्या पानावर रेघोट्या ओढीत होते. (हे पाहून आम्हा स्वयंसेवकांना किती आनंद झाला ते लिहिण्याची ही जागा नव्हे.) त्या सबंध सभागृहात विद्यार्थी होते ते आम्ही सातजण, आणि आम्ही चहाचे ट्रे घेऊन उभे होतो. विषय आमचाच होता, पण आम्हाला एक शब्दही कोणी विचारला नाही. विचारला असता तर सांगण्यासारखे पुष्कळ होते.

उदाहरणार्थ, 'उपभोक्त्याचे संतोषाधिक्य'. हा शब्द आम्ही अर्थशास्त्राच्या तासाला उतरवून घेतला, आकृतीसह पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि गुण मिळवले. माझ्याच वर्गातील एक मुलगी दर शनिवारी आठवड्याच्या बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसते. चाळीस रुपये द्यायला तयार असलेले गिऱ्हाईक तीसला मेथी मिळाली म्हणून खूश होऊन जाते, हे ती लहानपणापासून पाहत आली आहे. तेच ते संतोषाधिक्य, हे तिला कळले तिसऱ्या वर्षी, आणि तेही बसस्टँडवर गप्पा मारताना! वर्गात तिला कोणी एक प्रश्न विचारला असता तर त्या दिवशी तिनेच सगळ्यांना शिकवले असते. आता, असा प्रश्न कसा विचारावा हे प्राध्यापकाने शिकायचे कोठे? ते अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही, आणि दीड तासाच्या भाषणातही नाही.

याच्या उलट अनुभवही मला आहे, आणि मला जे म्हणायचे आहे ते त्यातूनच सुचले. आमचे इतिहासाचे सर (नाव लिहिले तर रागावतील) एका उजळणी वर्गाहून परत आले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, घरात पन्नास वर्षांपूर्वीचा कोणताही कागद असेल तो पुढच्या सोमवारी घेऊन या, वर्गात वाचू. वर्गात हशा पिकला. पण सोमवारी कागद आले. सातबाराचे उतारे आले, एक लग्नपत्रिका आली, मोडीतले एक फाटके गहाणखत आले. पन्नास वर्षांची अट थोडी मोडून कोणी आजोबांचा मुंबईच्या गिरणीतला पगाराचा कागद आणला. तो डिसेंबर 1981 चा होता. त्यानंतरचा कागद का नाही, असे सरांनी विचारले आणि 18 जानेवारी 1982 च्या गिरणी संपापर्यंत आम्ही आपोआप येऊन पोचलो. एकीच्या घरी कागदच नव्हता. तिने आजीकडून 1972 च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामाची आणि तेथे मिळणाऱ्या सुकडीची हकीकत लिहून आणली होती. ती वाचून झाल्यावर, ज्यांच्याकडे कागद नसतो त्यांचा इतिहास कोण लिहितो, यावर दोन तास वाद झाला. मागच्या बाकावरची मुले पुढे येऊन बसली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ही युक्ती कोणत्या व्याख्यानात मिळाली, असे मी सरांना नंतर विचारले. ते हसले. व्याख्यानात नव्हे, वसतिगृहाच्या खोलीत रात्री जेवणानंतर कोकणातल्या एका महाविद्यालयाचे प्राध्यापक म्हणाले की माझी मुले क्रमिक पुस्तक उघडतच नाहीत, तेव्हा मी असे करतो. वेळापत्रकात त्या गप्पांना जागा नव्हती. पण एकवीस दिवसांतून वर्गापर्यंत पोचले ते तेवढेच, असे सर म्हणाले.

अशा गप्पांनाच वेळापत्रकात आणले तर? हा विचार अमेरिकेत एका माणसाला फार पूर्वी सुचला. तेथे 'कम्युनिटी कॉलेज' नावाची दोन वर्षांची महाविद्यालये असतात. त्यांतले पहिले म्हणून जोलिएट या गावच्या 1901 मधील महाविद्यालयाचे नाव सांगतात. येईल त्याला प्रवेश, फी कमी, विद्यार्थ्यांत नोकरी करणारे, मुलेबाळे असलेले, घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारे पुष्कळ. आणि शिकवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक अर्धवेळ. वर्णन वाचताना मला तर आपलीच कलाशाखा आठवली. शिकागोजवळच्या अशाच एका महाविद्यालयातील डेव्हिड गॉटशॉल यांनी 1969 मध्ये 'ग्रेट टीचर्स सेमिनार' सुरू केले. नाव भपकेदार आहे, पण रीत अगदी साधी. तज्ज्ञ पाहुणा बोलवायचा नाही. येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने दोन कागद लिहून आणायचे: एकावर आपल्या वर्गात यशस्वी झालेली एक गोष्ट, दुसऱ्यावर न सुटलेली एक अडचण. मग लहान लहान गट करून ते वाचायचे आणि बोलायचे. गणिताचा, वाङ्मयाचा, परिचारिकांना शिकवणारा, सारे एकाच गटात. एखाद्या तज्ज्ञापेक्षा रोज वर्गावर जाणाऱ्यांचे एकत्र शहाणपण मोठे असते, एवढ्या विश्वासावर ही परिषद उभी राहिली आणि पुढे अमेरिकेत व कॅनडात ठिकठिकाणी पसरली.

मला यातला दुसरा कागद फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे प्राध्यापकाने चारचौघांत 'माझ्या वर्गात मुले बसत नाहीत' असे म्हणणे म्हणजे अब्रू गेली. मुले बसत नाहीत याचे कारण मग मुलेच. गाईडे वाचतात, मोबाइल बघतात, त्यांना रस नाही. असेल, आम्ही काही साधुसंत नाही. परंतु सर्वांच्याच वर्गात जी अडचण आहे ती प्रत्येकाने झाकून ठेवायची, आणि कार्यशाळेत मात्र ज्याला आपला वर्ग ठाऊक नाही त्याचे भाषण ऐकायचे, हा व्यवहार काही शहाणपणाचा नव्हे.

आता तर गप्पांची खोलीही जाऊ लागली आहे. 2020 च्या टाळेबंदीत वेबिनारांचा पूर आला, तेव्हा प्रश्नावली भरली की प्रमाणपत्र मिळत असे. त्या काळी दुसरा इलाज नव्हता. पण टाळेबंदी उठली तरी बरेचसे उद्बोधन आणि बरीचशी उजळणी पडद्यावरच राहिली. खर्च वाचतो, प्रवास वाचतो, लहान मुले असलेल्या मॅडमना घर सोडावे लागत नाही, हे फायदे मी नाकारत नाही. शेवटच्या फायद्याचे मोल तर पुरुषमंडळींना कळणारही नाही. तरीपण कॅमेरा बंद करून ऐकलेल्या व्याख्यानानंतर कोकणातले प्राध्यापक भेटतात कोठे? 2024-25 पासून नवे धोरण आपल्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत आले, तेव्हा श्रेयांकांची वाटणी समजावणाऱ्या सभा तेवढ्या पुष्कळ झाल्या. दोन श्रेयांक आणि चार श्रेयांक यांतला फरक आता कँटीनच्या पोऱ्यालाही ठाऊक झाला असेल. त्या श्रेयांकांत शिकवायचे कसे, यावर कोणी बसलेले माझ्या ऐकिवात नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या वर्गाचे बरेचसे तास तासिका तत्त्वावरील प्राध्यापक घेतात. तास झाला तर मानधन, सुटी लागली तर काही नाही. त्यांना बढती नाही, म्हणून बढतीसाठीची उजळणीही नाही. कर्तव्य रजा नाही, म्हणून दोन आठवडे कोठे जाणे म्हणजे दोन आठवड्यांची कमाई सोडणे. म्हणजे सर्वांत नवे, सर्वांत तरुण आणि आमच्याशी सर्वांत जास्त वेळ बोलणारे जे शिक्षक, तेच या सगळ्याच्या बाहेर. त्या दिवशीच्या कार्यशाळेत त्यांच्यापैकी तिघे होते. एकजण माइक सांभाळत होते, दोघे प्रमाणपत्रांवर नावे लिहीत होते, दुसऱ्यांची.

एवढे लिहिल्यावर काही सुचवणे भाग आहे. विद्यापीठाने काय करावे, आयोगाने काय करावे, हे मी सांगणार नाही. ते हा अंक वाचत नाहीत. आपल्या महाविद्यालयापुरते बोलते. वर्षातून एक दिवस ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत सर्व प्राध्यापकांनी बसावे. पाहुणा नको, फलक नको, शाल नको, प्रमाणपत्र तर नकोच. प्रत्येकाने ते दोन कागद आणावेत. दुपारनंतर प्रत्येक वर्गातून निवडलेल्या दोन विद्यार्थ्यांनी आपले कागद वाचावेत: कोणता तास कळला आणि का, कोणता कळला नाही आणि का. व्यक्तीचे नाव घ्यायचे नाही, विषयाचे घ्यायचे, एवढे पथ्य आम्ही पाळू. वर्षाअखेरीस जे अभिप्रायाचे फॉर्म आम्ही 'उत्तम' वर खुणा करून भरतो (कारण अंतर्गत गुण अजून यायचे असतात), त्यांपेक्षा हे दोन कागद अधिक खरे निघतील. खर्च म्हणावा तर चहाचा आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या त्या दिवसाच्या मानधनाचा. ते त्यांना मिळालेच पाहिजे. नाहीतर त्यांनी यावे असे म्हणण्याचा कोणालाच अधिकार नाही. त्यांच्यापैकी काहींचे आठवड्यातून दोन-तीन दिवस तालुक्याच्या दुसऱ्या महाविद्यालयातही तास असतात, म्हणून वार ठरवताना आधी त्यांना विचारावे.