आंग्रियाच्या वाटेवरचे दस्तक

विजयदुर्गाच्या बंदरातून पश्चिमेकडे सुमारे 105 किलोमीटर गेले असता, जेथे चोहोकडे पाण्यावाचून दुसरे काहीच दृष्टीस पडत नाही अशा ठिकाणी, समुद्राच्या पोटात एक विस्तीर्ण प्रवाळपठार दडलेले आहे. त्याच्या माथ्यावर काही जागी अवघे वीस-बावीस मीटर पाणी, आणि कडा मात्र एकाएकी शेकडो मीटर खाली तुटलेल्या. या पठारास आंग्रिया बँक म्हणतात. ज्या कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला मिळाले, त्यांचा दंडक असा होता की, त्यांचे दस्तक घेतल्यावाचून कोकणच्या दर्यातून कोणत्याही व्यापारी गलबताने जाऊ नये. जे हा दंडक जुमानीत नसत त्यांची गलबते जप्त होत, आणि ज्यांची जप्त होत ते कान्होजींना चाचा म्हणत. आज त्याच पठारावर तीन-तीन, चार-चार दिवसांच्या मासेमारीस जाणाऱ्यांनी बरोबर काय न्यावे आणि काय किनाऱ्यावरच ठेवावे, हे सांगणारे दस्तक मात्र कोणी देत नाही. ते असावे, असे माझे मत आहे.

हा विचार मनात आला तो जानेवारीतील एका संध्याकाळी, जेटीवर एका नौकेत सामान चढत असताना. शहरातून आलेली चार हौशी मंडळी, रीतसर परवानगी काढून, पहाटे निघायची होती. त्यांच्या पेट्या उघडल्या तेव्हा आत एखाद्या शस्त्रागारासारखी मांडणी दिसली: आखूड व ताठ काठ्या, लांब व लवचीक काठ्या, वेणीदार दोऱ्यांची चक्रे, पाव किलोपासून अर्ध्या किलोपर्यंतची चकचकीत धातूची आमिषे, आणि आकारवार लावलेले शेकडो गळ. शेजारी नौकेचा वृद्ध तांडेल लाकडाच्या चौकटीवर तंगूस गुंडाळीत बसला होता. दर हातभर दोरी तो अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून ओढून घेई, कोठे बोटाला किंचित खरखर लागली की तेवढा तुकडा निर्विकारपणे कापून टाकी आणि पुन्हा गाठ मारी. बराच वेळ त्या पेट्या न्याहाळून तो एवढेच म्हणाला, "सायबानू, गळ चिकार हाडल्यात, पण बर्फ खय आसा?"

या एका प्रश्नात साऱ्या सामानाचे शास्त्र सामावलेले आहे. उष्ण प्रदेशात एक किलो मासळी टिकवावयास साधारण एक किलो बर्फ लागतो, हा मच्छीमारीतला जुना ठोकताळा आहे; आणि जो बर्फ खणात भरला तो परतीपर्यंत तसाच राहत नाही, प्रत्येक वेळी झाकण उघडताना त्यातला काही हिस्सा पाणी होऊन वाहून जातो. म्हणून दोनशे किलो बर्फ घेऊन निघालेल्या माणसाने दोनशे किलो मासळी धरण्याची उमेद बाळगणे म्हणजे उरलेली नासवण्याची आगाऊ तजवीज करणे होय. गळांची संख्या लोभ सांगते. किती धरावयाचे याची मर्यादा बर्फ सांगतो. जाणत्याने आधी खण मोजावा आणि मग पेटी भरावी. आपण बहुधा याच्या उलट करतो.

पेटीतल्या वस्तूंविषयीही हेच विवेकाचे धोरण लागू पडते. प्रवाळाच्या कडेला दोरी घासून तुटते, म्हणून गळाच्या वर दोन-तीन वाव जाड तंगूस असावा, हे हौशी माणसासही ठाऊक असते. परंतु तुटलेला गळ माशाच्या तोंडात राहणार आहे, तेव्हा तो कधीच न गंजणाऱ्या पोलादाचा नसून काही काळाने झिजून जाणारा असावा, आणि आकाराने वर्तुळाकार असावा, म्हणजे तो माशाच्या पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकेल, हा विचार फार थोडे करतात. नांगराची गोष्ट याहून गंभीर आहे. वाळूत रुतणारा नांगर प्रवाळावर पडला तर नौका वाऱ्याने फिरेल तशी त्याची साखळी भोवतालचे सारे मोडीत जाते. वर्षाकाठी काही मिलिमीटर अथवा फार तर काही सेंटिमीटर वाढणारी ती सृष्टी एका रात्रीत चिरडली जाते. यास्तव पठाराच्या माथ्यावर नांगर टाकूच नये, नौका प्रवाहाबरोबर वाहू द्यावी आणि वाहता वाहताच गळ सोडावे, हाच सभ्य मार्ग.

"आम्ही मासा सोडून देतो" असे हौशी मंडळी अभिमानाने सांगतात. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका नाही, परंतु सद्भावना खोल पाण्यात पुरी पडत नाही. पन्नास मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सहापट असतो; तेथून झपाट्याने वर ओढलेल्या हेकरूच्या किंवा तांबोशीच्या अंगातला वाताशय फुगतो, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडावाटे उलटते, आणि सोडलेला मासा पोट वर करून तरंगत राहतो. अशा माशाला उलट्या, बिनकाट्याच्या गळाला अडकवून किलो-दोन किलो शिशाच्या वजनाने पुन्हा खाली नेऊन सोडता येते. हे साधन काही रुपयांत घरीही करता येते, आणि त्या भरगच्च पेट्यांत ते नव्हते. त्यातही हेकरूच्या बहुतेक जाती आरंभी मादी असून वय वाढल्यावर त्यांतील काही नर होतात. तेव्हा छायाचित्रासाठी सर्वांत थोराड मासा निवडून काढणे म्हणजे पठारावरचे नरच वेचून नेणे होय.

आणि परतीच्या सामानाचे काय? इंधनाचा एक हिस्सा जाण्यास, एक येण्यास आणि एक संकटासाठी, ही दर्यावर्दींची जुनी वाटणी. माणशी दिवसाला पाच लिटर गोडे पाणी. प्रत्येकाच्या अंगात बसणारे जीवरक्षक जाकीट, आणि तेही खणाच्या तळाशी नव्हे, हाताशी. व्हीएचएफ संच आणि त्याचा 16 क्रमांकाचा संकटकालीन मार्ग ज्यास ठाऊक आहे असा निदान दुसरा एक इसम. सात-आठ तासांच्या वाटेवर असलेल्या नौकेला किनाऱ्याची मदत लगेच पोहोचत नसते. पावसाळा सरला म्हणजे दर्या निवला, या समजुतीची किंमत कोकणाने 11 नोव्हेंबर 2009 च्या फयान वादळात मोजली. आणि 2017 च्या डिसेंबरात ओखीच्या वेळी केरळ-तमिळनाडूच्या नौका देवगडच्या आश्रयास आल्या, तेव्हा वादळाला प्रांतांच्या हद्दी ठाऊक नसतात हेही दिसले.

आता कोणी म्हणेल की कागदांची आधीच काय वाण आहे? नोंदणी, परवाना, खलाशांची ओळखपत्रे, सारे आहेच. खरे आहे, परंतु राज्याच्या मासेमारी कायद्याचा अंमल किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरांवर संपतो, आणि आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे, केंद्राच्या अखत्यारीत येते. कागद माणूस कोण आणि नौका कोणाची हे विचारतात. नांगर कोठे टाकणार आणि बर्फ किती नेणार, हे विचारीत नाहीत. माझी सूचना साधी आहे: या पठारावर जाणाऱ्या प्रत्येक नौकेने एका पानाची याद भरावी, तिच्यात धरावयाचे, जगावयाचे आणि परत यावयाचे सामान असे तीन रकाने असावेत, आणि तिची एक नक्कल बंदरावर ठेवावी. गाबीत तांडेलावर याचा भार पडू नये. तो पिढ्यान् पिढ्या हेच करीत आला आहे, आणि याद तयार करताना प्रथम त्यालाच विचारावे. भार पडावा तो हौसेने जाणाऱ्यावर.

सरकार हे करील तेव्हा करो. येत्या हंगामात जे निघणार असतील त्यांनी याद आपल्या हाताने लिहावी, एक प्रत घरी ठेवावी, आणि तिच्या माथ्यावर तटरक्षक दलाचा शोध व बचावाचा क्रमांक 1554 लिहावा. पेटी अखेर भरावी. बर्फ आधी मोजावा.