खाड्याच्या दिवशी झाडू कुणाच्या हातात?

घरकामाला बाई लावावी की सगळं आपलं आपणच करावं, हा वाद मध्यमवर्गीय मराठी घरांत कित्येक वर्षं चालू आहे. एक पक्ष म्हणतो, आपल्या तासाची किंमत काढा, बाईच्या तासाची काढा, वजाबाकी करा, उत्तर मिळेल. दुसरा पक्ष म्हणतो, आपली खरकटी भांडी दुसऱ्या कुणी घासावीत हेच लाजिरवाणं आहे, ज्याने त्याने आपलं काम करावं. मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. दोघांची चूकही एकच आहे. दोघं घराला एक माणूस समजून बोलतात. घरात माणसं चार असतात आणि बहुतेक काम त्यांतल्या एकीच्याच अंगावर असतं.

हा माझा ग्रह नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर पाहणी केली, माणसं चोवीस तास कशात घालवतात याची. बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवत होत्या, आणि असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं. पुरुषांचा हा आकडा जे घरकामाला हात लावतात त्यांचाच आहे, आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच्या आसपास निघाले. स्त्रिया शंभरात एक्याऐंशी. 2024 साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा स्त्रियांचा आकडा 289 वर आला आणि पुरुषांचा 88 वर. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण ती पुरुषांनी उचलली नाहीत. त्यांचीही नऊ मिनिटं कमीच झाली. 'घरी करू की बाहेर देऊ' असा हिशेब मांडणाऱ्याने हे आकडे आधी समोर ठेवावेत.

आता तासाच्या किमतीचा युक्तिवाद. ऐकायला तो चोख वाटतो. पण महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्याचा तास बाजारात सुटा विकला जात नाही. संध्याकाळी भांडी न घासल्यामुळे वाचलेल्या अर्ध्या तासाचे त्याला कुणी पैसे देत नाही. तो अर्धा तास बहुधा फोनवर जातो. विश्रांतीलाही मोल आहे, मी ते नाकारत नाही. पण मग विश्रांती हवी असं सरळ म्हणावं, तिला उत्पन्नाचा मुलामा देऊ नये. हा युक्तिवाद खरा ठरतो तो एकाच ठिकाणी: नोकरी करून घरी आल्यावर जिची दुसरी पाळी सुरू होते त्या बाईच्या बाबतीत. तिची झोप, तिचं वाचन, तिची बढती त्या तासांत अडकलेली असते. आणि नेमकं तिच्यासाठी बाई लावायची वेळ आली की घरातून 'एवढ्याशा घराला बाई कशाला?' असा प्रश्न येतो. तिच्या तासाची किंमत तेव्हा कुणी काढत नाही.

घरच्या बाईच्या कामाची किंमत पैशात होतच नाही, ते मायेचं काम आहे, असंही सांगितलं जातं. न्यायालयांनी मात्र ती किंमत काढली आहे, कारण त्यांना काढावीच लागली. जमशेदपूरला 1989 साली एका समारंभात आग लागून अनेक जण दगावले. त्यांत गृहिणीही होत्या. त्यांच्या कुटुंबांना भरपाई किती द्यायची हे ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला 3,000 रुपये धरलं. पुढे जानेवारी 2021 मधल्या एका अपघात भरपाईच्या निकालात त्याच न्यायालयाने वर सांगितलेल्या 2019 च्या पाहणीचाही आधार घेतला. बाई गेल्यावर जे मोल न्यायालयात सिद्ध होतं, ते ती असताना घरात मान्य व्हायला काय हरकत आहे?

स्वावलंबनाच्या पक्षाबद्दल मला आदर आहे. गाडगेबाबांचा खराटा आणि सेनापती बापटांनी रस्त्यावर हातात घेतलेला झाडू ही आपली परंपरा आहे. वसतिगृहातल्या मुलांची कामं गुपचूप करून टाकणारे साने गुरुजीही त्याच परंपरेतले. पण या सगळ्यांनी काम स्वतःच्या अंगावर घेतलं. घरातला स्वावलंबनाचा आग्रह पुष्कळदा दुसऱ्याच्या अंगावर पडतो. याची सगळ्यांत प्रामाणिक साक्ष गांधीजींनीच आत्मकथेत दिली आहे. 1898 चा सुमार, दक्षिण आफ्रिकेतलं डर्बनचं घर. घरी राहणाऱ्या कारकुनांची लघवीची भांडी नोकराऐवजी घरच्यांनी साफ करायची असा त्यांचा नियम. कस्तुरबांना ते असह्य होत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यांनी हसतमुखाने ते करावं असा नवऱ्याचा हट्ट. शेवटी त्यांनी पत्नीला हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. गांधीजी स्वतःही ती भांडी साफ करत, हे विसरता येत नाही. तरीही तत्त्व एकाचं आणि सक्ती दुसरीवर, असं त्या दिवशी घडलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. 'आमच्याकडे बाई नाही, आम्ही सगळं घरीच करतो' असं अभिमानाने सांगणाऱ्या पुरुषाला मी विचारते, कालची कढई कुणी घासली? उत्तर 'बायकोने' असेल तर तो अभिमान तिचा आहे, त्याने मिरवू नये.

तिसरा युक्तिवाद रोजगाराचा. 'आम्ही काम देतो म्हणून तिची चूल पेटते.' यात तथ्य आहे. 1972 च्या दुष्काळानंतर गाव सोडून पुण्या-मुंबईला आलेल्या कितीतरी कुटुंबांना धुण्याभांड्यांनीच आधार दिला, आणि आजही नवऱ्याचं काम सुटलं की बाईच्या चार घरांवर संसार चालतो. पण रोजगार देतो म्हणणाऱ्याने मालकाची कर्तव्यंही पत्करावीत. आपण कचेरीत आजारपणाची रजा हक्काने घेतो. ताप आलेल्या बाईचे मात्र खाडे मोजून पैसे कापतो. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला तो याच साध्या मागण्यांसाठी, पगारवाढ आणि हक्काची रजा. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्याला चार दशकं उलटून गेली, आणि त्यातली रजेची मागणी आजही अनेक घरांत नवी वाटते. 2020 च्या टाळेबंदीत सोसायट्यांची फाटकं या बायांना बंद झाली. काही घरांनी बंद काळातला पगार घरपोच केला, त्यांना मी मानते. ज्यांनी 'काम नाही तर पैसे नाहीत' असं सांगितलं, त्यांचा पगार घरी बसून चालू होता.

'बाया खाडे फार करतात' ही तक्रार तर घरोघरी ऐकू येते. रजा ठरलेलीच नसेल तर प्रत्येक रजा अचानक येणार, दुसरं काय होणार? तिच्या वस्तीत पहाटे पाणी येतं, ते भरून, डबे करून, मुलांना शाळेत धाडून ती निघते. त्यातलं एक काही बिघडलं की खाडा पडतो. तिच्या घरी ही कामं करायला कुणी बाई येत नाही. महिन्यातल्या चार भरपगारी सुट्ट्या आधी ठरवून दिल्या तर बहुतेक बाया निदान आदल्या दिवशी सांगून जातात. ज्या घरांत हे ठरलेलं आहे त्या घरांत खाड्यांची भांडणं मी क्वचितच पाहिली आहेत.

'जास्त दिले की सोसायटीतला रेट बिघडतो' असंही बजावलं जातं. आपला पगार किती असावा हे शेजारच्या चार कंपन्यांनी संगनमताने ठरवलं तर आपण त्याला अन्याय म्हणू. मग तिच्या पगाराला वेगळा न्याय का?

यंत्रांनी हा प्रश्न मिटेल अशी आशा पुष्कळांना आहे. धुलाईयंत्राने पाठ वाचवली हे निर्विवाद. पण ते कपडे वाळत घालत नाही, घड्या करत नाही, आणि ते आल्यापासून कित्येक घरांत कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले. आता तर काही मिनिटांत मदतनीस पाठवणारी ॲपं आली आहेत. मार्च 2025 मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत ही सेवा सुरू केली तेव्हा गिऱ्हाइकाला तासाला 49 रुपये असा सुरुवातीचा दर जाहीर झाला होता. काम करणाऱ्या बाईला आम्ही याहून बरंच जास्त देतो, असं कंपनीने सांगितलं. पण लोकांच्या मनात ठसला तो 49 चा आकडा. पाठ मोडणाऱ्या एका तासाला एका वडापावच्या आणि दोन चहांच्या आसपास किंमत, ही सवय एकदा लागली की ती मोडायला पिढी जाते.

आणि या व्यवहारात जात आहे. कपबशी वेगळी, लिफ्ट वेगळी, संडास धुणारी वेगळी, स्वयंपाकाला येणारी वेगळी. 2017 साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईने जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार नेली होती.  जे काम हलकं म्हणून आपण टाकतो, ते करणाऱ्यालाही हलकं ठरवतो. म्हणूनच 'वेळ वाचवण्यासाठी' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. काम वेळेअभावी देतो की कमीपणा वाटतो म्हणून देतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारलं पाहिजे.

मग करावं काय? माझं म्हणणं असं आहे: जे काम घरातल्या प्रत्येक धडधाकट माणसाला येतं आणि वेळ पडली तर तो ते करतो, तेच काम बाहेर द्यावं. बाईचा खाडा पडला त्या सकाळी घरात काय घडतं, यावरून हे लगेच कळतं. नवरा भांड्यांना बसला, मुलगा केर काढू लागला, तर त्या घराने मदत खुशाल घ्यावी. त्यांनी आपला भार थोडा हलका केला आहे, इतकंच. पण सगळ्यांच्या नजरा घरातल्या एका बाईकडे वळल्या, तर त्या घराने घरकाम बाहेर दिलेलंच नाही. एका बाईवरचं ओझं दुसरीवर टाकलं आहे, आणि दुसरी आली नाही की ते पुन्हा पहिलीवर येतं. पुरुषाला घरकाम टाळण्याचा परवाना विकत घेऊन देण्यासाठी बाई ठेवली जात असेल तर ती ठेवू नये, असं मी स्पष्ट म्हणते.

आधी वाटणी, मग मदत, हा क्रम उलटा होता कामा नये. सातवीतल्या मुलाला कुकर लावता आला पाहिजे, मुलीला आला पाहिजे तसाच. आपली अंतर्वस्त्रं आपण धुवावीत, आपलं अंथरूण आपण काढावं, ताटातलं खरकटं आपण काढून ताट विसळून ठेवावं. करपलेलं पातेलं रात्रभर कोरडं ठेवून सकाळी बाईपुढे सरकवणं हा क्रूरपणा आहे. त्यात पाणी ओतून ठेवायला दहा सेकंद लागतात.

काही घरांना यातलं काहीच लागू नाही. एकटे राहणारे म्हातारे आईवडील, ज्यांची मुलं परगावी किंवा देशाबाहेर आहेत. नुकती बाळंत झालेली बाई. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घर. गुडघे गेलेले आजोबा. त्यांनी मनात अपराध न बाळगता मदत घ्यावी, आणि स्वावलंबनाचे पाठ देणाऱ्यांनी त्यांच्या दारात जाऊ नये. वाकून फरशी पुसणं सत्तरीत जमत नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

'रजा, बोनस, दरवर्षी वाढ, एवढं सगळं आम्हाला परवडत नाही' असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर सरळ आहे. चार कामांची बाई अर्ध्या पैशात ठेवू नका. दोनच कामं द्या, त्यांचे पुरे पैसे द्या, उरलेली दोन घरात वाटून घ्या. ज्याचा पूर्ण मोबदला देता येत नाही ते काम विकत घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

कायद्याची वाट पाहत बसण्यातही अर्थ नाही. महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली केला. त्यात नोंदणी आहे, कल्याणाच्या योजना आहेत, पण आपल्या घरातली रजा आणि पगार ठरवायला मंडळ येत नाही. घरकामगारांना सन्मानाचं काम मिळावं यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार 2011 साली जिनिव्हात झाला, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं आणि अजून त्याला मंजुरी दिलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं. कामाच्या घरी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध मात्र 2013 चा कायदा त्यांनाही लागू आहे आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे त्या तक्रार करू शकतात. हे आपल्याकडे येणाऱ्या बाईला सांगणं आपलंच काम आहे.

तेव्हा येत्या एक तारखेला पगार हातात देताना बाईंना खुर्चीवर बसवा, आपल्याच कपात चहा द्या, आणि कॅलेंडर समोर ठेवून ठरवून टाका: महिन्याला किती भरपगारी सुट्ट्या, आजारपणात काय, दिवाळीला किती, दर वर्षी किती वाढ, काम बंद करायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. मंडळात त्यांची नोंदणी झाली आहे का ते विचारा. झाली नसेल तर काम करत असल्याचा दाखला सही करून द्या. त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि बाई येणार नाहीत त्या दिवशी कुणी काय करायचं ते नावानिशी लिहून स्वयंपाकघरात लावा.